हाँगकाँगचा कॉन्सुल, कर्नल मोझबी

१९०७ सालच्या जूनमधे वॉशिंग्टनमधल्या एका ७३ वर्षांच्या सरकारी वकिलाने सॅम चॅपमन नावाच्या आपल्या जुन्या सोबत्याला पत्र लिहिलं. दोघं अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले. त्या सुमाराला दक्षिणेत जिकडेतिकडे जुन्या सैनिकांची संमेलनं भरायची, पुतळे उभे राहायचे, आणि भाषणांमधे एक गोष्ट ठासून सांगितली जायची की बाबांनो आपण गुलामगिरीसाठी लढलोच नाही, आपण लढलो राज्यांच्या हक्कांसाठी. म्हातारा असली भाषणं वाचून चिडला होता. त्याने सरळ लिहून टाकलं की दक्षिण युद्धात उतरली ती गुलामगिरीमुळेच, साउथ कॅरोलायना राज्याने देशातून फुटून निघताना आपल्या जाहीरनाम्यात तसं म्हटलंय, आणि आपण का फुटलो हे साउथ कॅरोलायनाला माहीत असणारच की!

हा म्हातारा म्हणजे कर्नल जॉन सिंगल्टन मोझबी. मी राहते त्या उत्तर व्हर्जिनियात हे नाव टाळता येत नाही. अ‍ॅशबर्न, साउथ रायडिंग, ब्रॅम्बलटन या भागात आपली मराठी माणसं भरपूर आहेत, बहुतेक सगळे आयटीवाले, आणि आमच्यातले कितीतरी जण रोज ज्या रूट ५० वरून ऑफिसला जायचे त्याचं लाउडन काउंटीतलं नाव अगदी आत्ताआत्तापर्यंत जॉन मोझबी हायवे होतं. लाउडन काउंटी हायस्कूलच्या टीमला रेडर्स म्हणायचे तेही याच्याच घोडेस्वारांवरून, २०२० साली ते बदलून कॅप्टन्स केलं. म्हणजे आमच्याकडच्या पोरांना हा माणूस माहीत असतो तो छापे घालणारा घोडेस्वार म्हणून, किंवा हल्ली, ज्याचं नाव काढून टाकलं तो माणूस म्हणून. मधली सात वर्षं तो हाँगकाँगला अमेरिकेचा कॉन्सुल, म्हणजे तिथला सरकारी प्रतिनिधी, होता हे कोणाच्या गावीही नसतं, आणि मला तर त्याच्या अख्ख्या आयुष्यातली तीच सात वर्षं सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

युद्धाबद्दल मी थोडक्यातच सांगते, कारण त्यावर ढिगाने लिहून झालंय. जन्म १८३३ चा, व्हर्जिनियातल्या पावहॅटन काउंटीतला, अंगाने किडकिडीत, तब्येत नाजूक. १८५३ मधे युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियात शिकत असताना एका दांडग्या पोराशी भांडण झालं आणि याने त्याच्या मानेत गोळी घातली, तो पोरगा वाचला पण मोझबीची युनिव्हर्सिटीतून हकालपट्टी झाली आणि तुरुंगात जावं लागलं. तुरुंगात त्याने काय करावं, तर ज्या सरकारी वकिलाने त्याला शिक्षा मिळवून दिली त्याच्याशीच ओळख वाढवून, त्याचीच पुस्तकं घेऊन कायदा शिकायला सुरुवात केली. पुढे गव्हर्नरने माफी दिली, हा वकील झाला, पॉलीन क्लार्क नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि ब्रिस्टल गावात वकिली करायला लागला. देश फोडायच्या तो विरोधात होता. पण व्हर्जिनिया फुटली तसा हाही निमूट सैन्यात गेला.

मग १८६३ पासून पुढे त्याने जे केलं त्याला आपण गनिमी कावा म्हणू. छोट्या तुकड्या, रात्रीचे छापे, आणि काम झालं की शेतकऱ्यांच्या घरांतून पांगून जायचं. मार्च १८६३ मधे फेअरफॅक्स कोर्ट हाउसला शत्रूच्या छावणीच्या मधोमध मध्यरात्री घुसून त्याने एडविन स्टाउटन नावाच्या जनरलला झोपेतून उठवून पकडून नेलं. त्याच्या आठवडाभर आधी अ‍ॅल्डीच्या पिठाच्या गिरणीपाशी चकमक झाली तेव्हा उत्तरेचे सैनिक गिरणीत लपले आणि पिठाने पांढरेफटक होऊन बाहेर आले. ती गिरणी अजून उभी आहे, शाळेच्या सहलीही जातात तिथे. फॉकीर आणि लाउडन काउंट्यांना लोक तेव्हा मोझबीचं राज्यच म्हणायचे, आणि त्याची किंमत इथल्या शेतकऱ्यांनी मोजली, १८६४ च्या हिवाळ्याच्या तोंडाला उत्तरेच्या घोडदळाने इथली धान्याची कोठारं जाळली, गुरं हाकून नेली.

या सगळ्यातली एक गोष्ट मात्र गाळता येत नाही. १८६४ च्या सप्टेंबरात फ्रंट रॉयल गावात उत्तरेच्या सैन्याने मोझबीच्या पकडलेल्या सहा माणसांना मारून टाकलं, काहींना गोळ्या घालून, काहींना फाशी देऊन, आणि पुढच्या महिन्यात सातवा. मोझबीने नोव्हेंबरात २७ कैद्यांना ओळीत उभं करून चिठ्ठ्या काढायला लावल्या, सात जणांना मारायचं ठरवून. एक चिठ्ठी ढोल वाजवणाऱ्या लहान पोराच्या वाट्याला आली, त्याला सोडलं आणि परत चिठ्ठी काढली. शेवटी तिघांना फाशी दिली, दोघं गोळ्या लागूनही वाचले, दोघं पळाले. नंतर त्याने शत्रूच्या सेनापतीला, शेरिडनला, पत्र लिहिलं की तुम्ही थांबा म्हणजे मीही थांबतो, आणि ते खरंच थांबलं. मी हे अनेकदा वाचलंय आणि दरवेळी त्या ओळीत उभ्या असलेल्या माणसांपाशी अडकते. लोक याला न्याय म्हणतात, मला नाही म्हणता येत. ज्यांनी फ्रंट रॉयलला काही केलं नव्हतं अशी माणसं होती ती.

युद्ध संपल्यावर दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली तरी मोझबी शरण गेला नाही, २१ एप्रिल १८६५ ला त्याने सेलम गावात, आताच्या मार्शलमधे, आपली फौज बरखास्त केली. त्याच्या डोक्यावर बक्षीस होतं. पॉलीन स्वतः वॉशिंग्टनला गेली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तिच्या वडिलांच्या ओळखीचा होता, त्याने नाही म्हटलं. मग ती ज्या सैन्याविरुद्ध तिचा नवरा लढला त्याच्या सरसेनापतीकडे गेली, युलिसिस ग्रँटकडे, आणि ग्रँटने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली की याला कोणी अटक करू नये.

इथून मोझबीचं दुसरं आयुष्य सुरू होतं आणि ते पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं होतं असं मला वाटतं. १८७२ मधे त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी ग्रँटला उघड पाठिंबा दिला. आज हे वाचताना काही वाटत नाही, पण तेव्हाच्या व्हर्जिनियात, जिथे घराघरातला कोणीतरी मेला होता, तिथे त्यांच्याच हिरोने ग्रँटचा प्रचार करणं म्हणजे गावाने वाळीत टाकायचं काम. त्याची वकिली बसली, धमक्या आल्या, वॉरंटनच्या स्टेशनवर कोणीतरी त्याच्यावर गोळी झाडली. त्यातच १८७६ मधे पॉलीन गेली, बाळंतपणानंतर, आणि ते बाळही गेलं. त्याने परत लग्न केलं नाही.

१८७८ मधे राष्ट्राध्यक्ष हेजने त्याला हाँगकाँगचा कॉन्सुल नेमलं, आणि आईविना पोरं नातेवाइकांकडे ठेवून हा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाला.

आता हाँगकाँगचं ऑफिस म्हणजे काय ते नीट समजून घेतलं पाहिजे. त्या काळी कँटनच्या आसपासच्या खेड्यांतून चिनी मजूर हजारोंनी कॅलिफोर्नियाला जायचे, रेल्वे बांधायला, खाणींत, शेतांत, आणि जहाज धरायचे ते हाँगकाँगहून. १८६२ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे प्रत्येक मजूर आपल्या राजीखुशीने चाललाय, कोणी फसवून किंवा पळवून नेत नाहीये, असा दाखला कॉन्सुलने द्यायचा होता. १८७५ पासून त्यात चिनी बायकांची वेगळी चौकशी आली, त्यांना वेश्याव्यवसायासाठी नेत नाहीत ना हे कॉन्सुलने ठरवायचं. एक खिडकी, आत बसलेला एक माणूस, बाहेर रांग, आणि कागदावर सही मिळेल की नाही यावर अख्खं आयुष्य टांगलेलं. हे आपल्याला समजावून सांगायला नको, अमेरिकेच्या व्हिसासाठी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर आणि नंतर बीकेसीत ज्यांनी फाइल छातीशी धरून उभं राहून पाहिलंय त्यांना तर नकोच नको. आणि त्याच्याही मागे जायचं तर मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेली कोकणातली, देशावरची माणसं आठवतात, त्यांनाही कोणीतरी साहेबाने विचारलंच असणार, राजीखुशीने चाललास ना?

मोझबी १८७९ च्या सुरुवातीला कामावर रुजू झाला, कागद बघितले, आणि त्याच्या लक्षात आलं की आधीचा कॉन्सुल डेव्हिड बेली या दाखल्यांच्या फीमधून पैसे खात होता. पद्धत साधी होती. मजुरांकडून फी घ्यायची, ती सरकारी तिजोरीत जमा करण्याऐवजी जवळजवळ सगळीच्या सगळी तपासणीचा खर्च म्हणून दाखवायची, आणि तो खर्च झालेलाच नसायचा. मोझबी वकील होता, हिशोब वाचता येत होते, त्याने विचारपूस केली आणि वॉशिंग्टनला रिपोर्ट पाठवला. बेलीच्या काळापासून ऑफिसात असलेल्या लोरिंग नावाच्या व्हाइस कॉन्सुललाही काढून टाकलं.

हे करायला काय लागत असेल याचा मी फार विचार केलाय. बेली तोपर्यंत बढती घेऊन शांघायला चालला होता. बीजिंगमधे अमेरिकेचा राजदूत जॉर्ज सीवर्ड, त्याच्या स्वतःच्या शांघायच्या जुन्या व्यवहारांवरून काँग्रेसमधे चौकशी चालू. आणि मोझबीचे रिपोर्ट वॉशिंग्टनमधे ज्याच्या टेबलावर पोचायचे तो परराष्ट्र खात्यातला असिस्टंट सेक्रेटरी फ्रेडरिक सीवर्ड हा जॉर्जचा चुलतभाऊ! रिपोर्ट तिथेच पडून राहिले. उलट वर्तमानपत्रांत मोझबीचीच बदनामी सुरू झाली. नोकरी गेली असती तर परतायला गाव नव्हतं, गावाने आधीच टाकलेलं. सुखाने पगार घेत बसला असता तर कोणी एक शब्द बोललं नसतं. पण तो लिहीत राहिला, ऑफिसातून उत्तर येईना तर ओळखीच्या राजकारण्यांना, मित्रांना पत्रं, ज्या कोणाचं वजन असेल त्याला पत्र. त्याच वसंतात ग्रँट जगप्रवास करत हाँगकाँगला आला, आणि कधीकाळी ज्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं तो मोझबी आता अमेरिकेचा कॉन्सुल म्हणून त्याच्या समोर उभा. पुढे फ्रेडरिक सीवर्ड गेला, त्याच्या जागी जॉन हे आला, आणि हळूहळू चक्रं फिरली. १८८० मधे जॉर्ज सीवर्डला परत बोलावलं, बेलीला पद सोडावं लागलं, बँकॉकच्या कॉन्सुलचंही तेच झालं.

एका बाजूला छापे, घोडे, पिस्तुलं, आणि दुसऱ्या बाजूला रजिस्टर, पावत्या, उत्तर न येणारी पत्रं, यात मला हे दुसरं धाडस मोठं वाटतं. छाप्याच्या वेळी शंभर माणसं तुमच्या बरोबर असतात आणि सकाळी गाव तुम्हाला जेवायला घालतं. हाँगकाँगच्या त्या ऑफिसात तो एकटा होता.

आता त्यातला काटा. त्या फीची खरी झळ कोणाला बसत होती, तर कर्ज काढून निघालेल्या चिनी मजुराला, आणि मोझबी लढला तो मुख्यतः सरकारी पैशाच्या अफरातफरीविरुद्ध. बायकांच्या त्या अपमानकारक चौकशा त्याच्या काळातही चालूच राहिल्या, त्यांच्या कागदांना फोटो लागायचे. १८८२ मधे अमेरिकेने चिनी मजुरांना बंदीच केली, तोही कायदा याच ऑफिसातून पाळला गेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, माणसं विकत घ्यायचा हक्क टिकावा म्हणून जी बाजू लढली त्या बाजूचा हा कर्नल, आणि त्याचं रोजचं काम काय, तर समोरचा माणूस गुलाम म्हणून नेला जात नाहीये ना हे तपासून सही करणं. त्याला त्या वेळी अ‍ॅरन बर्टन आठवला असेल का? अ‍ॅरन हा मोझबींच्या घरचा गुलाम, युद्धात मोझबीच्या बरोबर होता, स्वतंत्र झाल्यावर ब्रुकलिनला जाऊन राहिला आणि मोझबी त्याला म्हातारपणी अधूनमधून पैसे पाठवायचा. पैसे पाठवणं चांगलंच. पण अ‍ॅरनने ज्या वर्षांत कोणाला काही विचारलं नाही, कारण त्याला विचारायची सोयच नव्हती, त्या वर्षांचा हिशोब त्या मनीऑर्डरीत येत नाही.

१८८५ मधे विरोधी पक्षाचा, डेमोक्रॅट क्लीव्हलंड राष्ट्राध्यक्ष झाला आणि मोझबीची नोकरी गेली. त्या उन्हाळ्यात ग्रँट घशाच्या कॅन्सरने मरणाच्या दारात होता, आठवणी लिहीत होता, आणि त्या आठवणींत त्याने मोझबीबद्दल लिहिलं की युद्धानंतर जवळून ओळख झाली तेव्हा हा मला वाटला होता त्यापेक्षा फार वेगळा माणूस निघाला, कर्तबगार आणि अगदी प्रामाणिक, खरं बोलणारा. शेवटच्या दिवसांतच त्याने मोझबीच्या नोकरीसाठी शब्दही टाकला आणि मोझबी सॅन फ्रान्सिस्कोला सदर्न पॅसिफिक रेल्वेत वकील म्हणून लागला. कॅलिफोर्नियातल्या त्या वर्षांतच जॉर्ज पॅटन नावाच्या लहान मुलाला तो युद्धाच्या गोष्टी सांगायचा, तोच पुढचा दुसऱ्या महायुद्धातला जनरल पॅटन.

म्हातारपणीही खोड तीच. १८९७ मधे घोड्याची लाथ लागून कवटी फुटली, एक डोळा गेला, आणि तरी १९०१ मधे सरकारी जमिनींच्या खात्यात नोकरी धरून हा सत्तरीकडे झुकलेला माणूस कोलोरॅडो, नेब्रास्काच्या माळरानावर गेला, जिथे मोठमोठ्या गुरंवाल्यांनी सरकारी कुरणांना तारांची कुंपणं घातली होती आणि सैनिकांच्या विधवांच्या नावावर खोटे अर्ज करून जमिनी लाटल्या होत्या. याने खटल्यांची तयारी केली. तिथल्या सिनेटरांनी वॉशिंग्टनमधे दबाव आणला आणि याला उचलून अलाबामाला पाठवलं. नंतर त्याच भागातल्या बड्या रँचवाल्यांना शिक्षा झाल्या, पण तेव्हा मोझबी तिथे नव्हता. हाँगकाँगसारखंच, फक्त या वेळी विरोधक जास्त हुशार होते.

मग न्यायखात्यात वकील म्हणून काही वर्षं, आणि तिथे असतानाच ते १९०७ चं पत्र. ते पत्र पूर्ण वाचलं तर सुखावून जाता येत नाही. त्यात तो म्हणतो की गुलामगिरी विरोधक होरेस ग्रीलीला जेवढी वाईट वाटायची तेवढीच मलाही वाटते, पण माझं घराणं गुलाम बाळगायचं याची मला लाज नाही, माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोजावं, आणि सैनिक आपल्या देशासाठी लढतो, मग बाजू बरोबर असो की चूक, दक्षिण हा माझा देश होता. म्हणजे सत्य सांगितलं, आणि पुढच्याच श्वासात त्या सत्याची जबाबदारी झटकली. मला हे पटत नाही. लहानपणापासून ज्या माणसाने घरात अ‍ॅरनला पाहिलं त्याला काळाचं माप सांगता येणार नाही, कारण अ‍ॅरनही त्याच काळातला होता आणि त्याचं माप कोणी विचारलं नाही. पण खोटं बोलणाऱ्यांच्या गर्दीत, त्यातही आपल्याच लोकांच्या, टाळ्या मिळत असताना उभं राहून हे खोटं आहे असं म्हणणं, तेही त्याने केलं, आणि ते लहान नाही. ही दोन्ही वाक्यं मी एकाच माणसाबद्दल लिहितेय आणि दोन्ही मला खरी वाटतात.

त्याच्या स्वतःच्या घोडेस्वारांची संमेलनं भरायची त्यातल्या एकाच संमेलनाला तो गेला, १८९५ मधे अलेक्झांड्रियाला. १९१५ मधे, ज्या युनिव्हर्सिटीने त्याला हाकललं होतं तिने ब्राँझचं पदक दिलं, आणि त्याला ते मनापासून आवडलं असं दिसतं.

३० मे १९१६ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या हॉस्पिटलमधे तो वारला. तो दिवस मेमोरियल डे होता, युद्धात मेलेल्या उत्तरेच्या सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायच्या प्रथेतून सुरू झालेला दिवस. त्याला वॉरंटनला नेऊन पॉलीनशेजारी पुरलं, त्याच वॉरंटनला जिथे त्याच्यावर गोळी झाडली होती. आठवणींचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं, मेहुण्याने संपादित केलेलं, आणि त्यात साहजिकच युद्धच फार आहे.

रूट ५० चं नाव लाउडनमधे आता लिटल रिव्हर टर्नपाइक आहे. नाव बदललं तेव्हा आमच्या ओळखीत यावर बरीच चर्चा झाली, कोणी म्हणालं इतिहास पुसू नये, कोणी म्हणालं आपल्याला काय करायचंय, आपण इथले नाही. मला बदल योग्य वाटला. ज्या लढाईसाठी ते नाव रस्त्याला दिलं होतं ती कशासाठी होती हे मोझबीनेच लिहून ठेवलंय, त्याच्यापेक्षा मोठा साक्षीदार कुठून आणायचा? आणि आपण इथले नाही हे तर मला अजिबात मान्य नाही, आपली मुलं याच शाळांत हा इतिहास शिकतात. नाव गेल्याचं दुःख नाही, पण नाव होतं तेव्हाही ते अर्ध्याच माणसाचं होतं याचं वाटतं. अ‍ॅल्डीच्या गिरणीपाशी मुलांना पिठाने माखलेल्या सैनिकांची गोष्ट सांगतात, मुलं खूश होतात, सांगूदे. त्याच वेळी कोणीतरी त्यांना हेही सांगावं की या माणसाने पुढे एका परक्या बंदरात गरिबांच्या फीचे हिशोब तपासले आणि आपल्याच खात्यातल्या माणसांची चोरी उघडी पाडली, आणि ते १९०७ चं पत्र त्यांच्याकडून सगळं वाचून घ्यावं, न पटणाऱ्या वाक्यांसकट.